कोंबडा नसलेलं खुराडं

आमच्या दारात कोंबड्या आल्या तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि तोवर एकदाही कोंबडीला हात लावला नव्हता. उदगीरपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. घर लिंगायताचं, सगळ्यांच्या गळ्यात लिंग. माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, ती तर कुणाची कोंबडी चुकून अंगणात शिरली की हातातलं काम टाकून काठी घेऊन धावायची आणि नंतर तेवढी जागा शेणानं सारवून घ्यायची. अशा घरात मी कोंबड्या आणल्या. हौस म्हणून नाही, शेतीला जोडधंदा म्हणूनही नाही. बायको जगावी म्हणून आणल्या.

तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. माझं चालणार नव्हतं, कारण मला साखर. हदगावला दिलेली मुलगी आपलं द्यायला तयार होती, पण हिनं तो विषयच तोडला. मग राहिलं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा लातूर, पहाटे निघायचं आणि दिवस मावळताना परत. ती मशीनला असली की मी बाहेर औषधाच्या रांगेत, नाहीतर झाडाखाली. असं वर्ष गेलं. एके दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की हिच्या रक्तातलं प्रोटीन घसरतच चाललंय.

"डाळी जास्त चालणार नाहीत, दूध मोजून घ्यायचं. मग राहिलं काय?" ते म्हणाले. "अंड्याचं पांढरं. रोज दोन. तेवढं नाही मिळालं तर मशीन आपलं काम करील, पण शरीर साथ देणार नाही."

ही नुसती मान खाली घालून बसली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसली. पायांवर सूज होती, म्हणून चपला काढून हातात धरल्या होत्या. नळेगावला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "गळ्यात लिंग हाय माझ्या."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घरी सांगितलं तर अव्वा उठून आतच गेली. थोड्या वेळानं दारात येऊन म्हणाली, "माझ्या चुलीवर न्हाई. तिला जगवायचं असंल तर गोठ्याकडं काय करायचं ते कर. मला दाखवू नको, सांगू बी नको." अव्वाच्या तोंडून एवढं निघालं हेच मला खूप वाटलं. गावच्या मठातल्या स्वामींना विचारून आलो. ते म्हणाले, जिवासाठी आहे, औषध समजून घ्या. स्वामींनी परवानगी दिली, पण हिनं ती घेतली नाही. तिचं तिनं काय ते ठरवायला तीन दिवस घेतले.

तिसऱ्या दिवशी तूर निवडता निवडता बोलली. "बाजारातलं न्हाई खाणार मी. ते कुठल्या कोंबडीचं, तिला कसं ठेवलं, काय माहीत? आपल्या दारातली कोंबडी पायजे. मी तिला दाणे टाकीन, ती तिच्या मनानं दील ते घीन. अन् कोंबडा नको. अंड्यात जीव नको. एवढं जमत असंल तर खाते, न्हाई तर राहू द्या."

आता गंमत अशी, की कोंबड्याशिवाय कोंबडी अंडं देते की नाही हेच मला ठाऊक नव्हतं. जन्मभर शेती केली, पण या बाबतीत मी पाटी-पेन्सिलवाला. ओढ्यापलीकडं एक आक्का राहते, तिच्याकडं वीस-पंचवीस गावरान कोंबड्या आणि एक दांडगा तांबडा कोंबडा. तिला जाऊन विचारलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि पोट धरून हसली.

"अवो आप्पा, अंडं कोंबडी देती. कोंबड्याचं काम येगळं असतंय. कोंबडा नसला तर अंडं येतंय, पर पिल्लू निघत न्हाई."

माझं काम झालं होतं. पुढच्या बाजारी उदगीरला गेलो, तोंडाला गमछा बांधून. वाण्या-दुकानदारांत निम्मे आमचे सोयरे, कुणाची नजर पडली असती तर लग्नकार्यात वर्षभर चघळायला विषय झाला असता. सहा तलंगा घेतल्या. अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात, हे तिथंच कळलं. एकही कोंबडा नको, असं मी विकणाऱ्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, "मालक, फुकट देतो की एक." मी इतक्या जोरात नको म्हणालो की शेजारचे दोघं वळून बघायला लागले. अंड्यावर कधी येतील विचारलं, तर म्हणाला, हे काय, महिन्या-पंधरा दिवसात.

खुराडं मीच केलं, गोठ्याच्या भिंतीला लावून, जुन्या फळ्यांचं. दार आत उघडणारं केलं, त्यामुळं मलाच आत हात घालता येईना, पुन्हा खोललं. पहिल्या संध्याकाळी पाच कोंबड्या आत गेल्या आणि सहावी लिंबावर जाऊन बसली. तिला बांबूनं हुसकत मी खाली उभा आणि अव्वा ओसरीवरून हे सगळं न बघितल्यासारखं करून बघत होती. चार दिवसांनी तीच सहावी मुंगसानं नेली. पिसं तेवढी कुंपणाला अडकलेली होती. हिनं ती पिसं गोळा केली आणि लिंबाखाली पुरली. पाच उरल्या.

मग सुरू झालं ते वाट बघणं. दुपारी खुर्ची टाकून ही खुराड्यासमोर बसायची आणि ओंजळीतून ज्वारी टाकायची. तिला स्वतःला दिवसाला तीन पेले पाणी, तेही मोजून. जीभ कोरडी पडली की ओल्या फडक्यानं ओठ पुसायची. पण कोंबड्यांचं भांडं दिवसातून चारदा धुऊन भरायची. मला ते बघवायचं नाही.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. अंडं नाही. कोंबड्या आपल्या पायानं माती उकरत, एकमेकींना टोचत मजेत. मला त्यांचा असा राग यायचा की काय सांगू. माणूस इथं झिजायलंय आणि या खाऊन-पिऊन नुसत्या ढेकर देतायत. हिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पुढचा रिपोर्ट आणखी खाली आला. डॉक्टरांनी विचारलं, अंडी सुरू केली का? ही म्हणाली, "कोंबड्या लहान हायेत अजून." डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. घरात अंडं खायचंय आणि त्यासाठी आधी कोंबडी मोठी करतायत, असले पेशंट त्यांनी बघितले नसावेत.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ओढा ओलांडला आणि आक्काकडून दोन अंडी घेतली. पहाटे, ही उठायच्या आत, खुराड्यातल्या कडब्याच्या भुश्यात ती ठेवली. मनात पाप नव्हतं असं म्हणणार नाही. होतं. पण त्या पापाला मी एक समजूत घालून ठेवली होती. अंडं एकदा थंड पडलं की त्यातला जीव संपतो, असं माझं पक्कं मत होतं. कुणाला विचारलं नव्हतं. आक्काला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. पण मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. रात्रभर फडताळात थंड पडलेल्या अंड्यात जीव नाही, म्हणजे तिची अट मोडली नाही, असा माझा हिशेब.

सकाळी ही वाटी घेऊन खुराड्याकडं गेली आणि तिथूनच ओरडली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. "अवो, या हिकडं! दिलं! दोन दिले!"

मी गोठ्यापाशी तीन दगडांची चूल मांडली, वेगळं पातेलं ठेवलं आणि अंडी उकडली. सोलताना अर्धं पांढरं टरफलाबरोबर गेलं. पिवळं गल्लीतल्या कुत्र्याला टाकलं. हिनं आधी लिंगाला हात लावला, मग डोळे मिटले आणि पदरानं नाक धरून पहिला घास गिळला. ओकारी आली. तोंड दाबून बसली. मग दुसरा गिळला. खाऊन झाल्यावर उठून खुराड्याशी गेली आणि कोंबड्यांना म्हणाली, "उपकार झाले बायांनो." मी पातेलं घासत होतो, घासतच राहिलो.

असे दिवस गेले. रोज पहाटे मी अंडी ठेवायचो आणि रोज सकाळी ही ती काढून आणायची. पंधरा-वीस दिवसांनी आमच्या कोंबड्याही खरोखर अंड्यावर आल्या. पण त्यांचा काही नेम नव्हता. आज एक, उद्या नाहीच, परवा तीन. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण रोज दोन पाहिजेत असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि हिची सूज खरंच उतरायला लागली होती. रिपोर्ट वर आला. डॉक्टर म्हणाले, छान, असंच चालू ठेवा. ही गल्लीतून देवळापर्यंत चालत जाऊन यायला लागली. माझ्या पाठीवर हात ठेवून एकदा म्हणाली, "तुमी माझ्यासाठी लई केलं." खोटं बोलणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा कुठली असेल, पण तेव्हा मला ती शिक्षा वाटली नाही. मी खुश झालो. मला वाटलं, सुटलो.

मग एक पिवळसर कोंबडी अंड्यांवरून उठेनाशी झाली. जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर यायची. आक्कानं सांगितलं, खुडूक झाली, आता तिला पिल्लं काढायचीत. पाण्यात बुडवून काढा, चार दिवस डालग्याखाली कोंडा, येती ठिकाणावर. मी हिला तसं सांगितलं. ही माझ्यावर उखडली.

"पाण्यात बुडवायची? का म्हणून? तिनं काय केलं?" मग आवाज खाली आला. "बसू द्या तिला. अंडी तर रिकामीच हायेत. दुसऱ्या जागी बाकीच्या देतातच की. हिला तेवढं समाधान."

कोंबडीखाली सात अंडी होती. त्यातली आमची किती आणि आक्काची किती, हे मला सांगता आलं नसतं. सगळी त्याच रंगाची, त्याच आकाराची. काढून घ्यावीत असं मनात आलं. पण ही दुपारभर तिथंच बसलेली असायची, तिनं मोजलेली होती. आणि माझं मत होतंच की थंड अंड्यात काही नसतं. राहू दिली.

ती कोंबडी बसून राहिली. खायलासुद्धा धड उठायची नाही. हिला त्याचं वाईट वाटायचं. तिच्यापुढं दाणे टाकून सांगायची, "अगं, काय बी निघायचं न्हाई त्यातून. आमीच तुला फसवलं बघ. तुझा कोंबडा आणला न्हाई." मी गोठ्यात वैरण टाकत असायचो आणि ते ऐकू यायचं.

तिसऱ्या आठवड्यानंतर एका डायलिसिसच्या दिवशी आम्ही संध्याकाळी लातूरहून आलो, तर अव्वा फाटकात उभी. ज्या बाईनं चार महिने खुराड्याकडं पाठ फिरवली होती, ती कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली, आम्हाला हाताला धरून गोठ्याकडं न्यायला लागली. "बघ तर खरं, बघ! पिल्लं बोलायलेत! कोंबडा न्हाई, काय न्हाई, अन् तीन पिल्लं! महादेवाची करणी हाय ही. तुझं दुखणं आता गेलं समज, पोरी."

पिवळ्या कोंबडीच्या पंखाखालून तीन ओली डोकी बाहेर येत होती. अव्वा हात जोडून उभी. शेजारच्या दोन बायकांना तिनं आधीच बोलावलेलं होतं, त्याही नमस्कार करत होत्या.

हिनं नमस्कार केला नाही. ती खाली बसली, एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. बायका गेल्या, अव्वा देवापुढं दिवा लावायला गेली. मग ती म्हणाली, "कुठनं आणत होता?"

मी सांगितलं. ओढ्यापलीकडून. पहिल्या दिवसापासून. थंड करून ठेवायचो, हेही सांगितलं, त्यात जीव नसतो असं वाटलं होतं मला.

"मी किती खाल्ले?" तिनं विचारलं.

पिल्लू तिच्या हातात चिवचिवत होतं. तिनं ते अलगद कोंबडीखाली सोडलं.

"मी रागवत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या जिवासाठी केलं, ते मला कळतंय. पर मला विचारायचं होतं. मी कदाचित हाव म्हणले असते. मरणाला मी बी भेलेलीच होते की. आता कसं हाव म्हणू? माझ्या हातावर बसून गेलं ते."

दुसऱ्या दिवसापासून अंडं बंद. मी पाया पडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. नुसत्या आपल्या कोंबड्यांची देतो म्हणालो, खुराड्याला कुलूप लावतो, किल्ली तूच ठेव म्हणालो. ती म्हणाली, "आता मला ओळखू येणार न्हाई कुठलं कसलं. तुमाला बी कुठं येत होतं?" हे तिनं शांतपणे म्हटलं. मुलीनं फोनवरून रडून विनवलं. अव्वासुद्धा एक दिवस दारात अडखळत बोलली, "खा गं, पोरी. मी करून देते, माझ्या चुलीवर." ऐंशीच्या घरातली बाई, आयुष्यात पहिल्यांदा असं बोलली. हिनं तिच्या पायाला हात लावला आणि नको म्हणाली.

तीन पिल्लांतलं एक घारीनं नेलं. उरलेल्या दोघांपैकी एक कोंबडा निघाला. ही त्यांना रोज दाणे टाकायची, भांड्यात पाणी भरायची. पण पूर्वीसारखी त्यांच्याशी बोलायची नाही. सूज परत आली, ती आधी घोट्यापर्यंत आणि मग गुडघ्यापर्यंत. देवळापर्यंतचं चालणं फाटकापर्यंत आलं आणि फाटकापर्यंतचं खाटेपर्यंत. माझ्याशी ती नीट वागायची, कधी टोचून बोलली नाही, हातचं खायची. फक्त मी काही दिलं की आधी ताटाकडं बघायची. एक क्षणच, मग खायची. तो एक क्षण मी दिवसातून तीनदा सोसला आणि मला वाटतं, तो मला मिळायलाच हवा होता.

तीन महिन्यांनी ती गेली. आमच्या रीतीप्रमाणं शेतात, बांधाजवळ तिला बसवून माती दिली. त्या दिवशी खुराड्यातला तो नवा कोंबडा पहिल्यांदा धड आरवला, असं अव्वा म्हणते. मी ऐकलं नाही.

आता आमच्याकडं चाळीसच्या वर कोंबड्या आहेत. सगळी अंडी उबवली जातात, कारण ती खाणारं कुणी नाही आणि विकायचं मन होत नाही. कोंबड्याही विकत नाही, विकल्या की सुरी लागणार. मध्ये कोंबड्यांत मानमोडीची साथ आली, तेव्हा आक्का म्हणाली, पहिल्या आजारी कोंबडीची मान पिरगाळून लांब पुरा, बाकीच्या वाचतील. ते मला जमलं नाही, आणि बारा गेल्या. गावात मला कोंबडीवाले आप्पा म्हणतात. म्हणू देत.

महिन्याभरापूर्वी एका कागदासाठी लातूरच्या दवाखान्यात जावं लागलं. तिथल्या सिस्टरनं हिची फाईल शोधून दिली. त्यात आहाराचं एक कार्ड होतं. प्रत्येक वेळी मशीनला लावण्याआधी पेशंटला विचारून भरायचं. मी तेव्हा बाहेर औषधाच्या रांगेत असायचो आणि अंडी बंद झाल्यावर डॉक्टरांसमोर जायचंही टाळायचो, त्यामुळं मी ते कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या तीन महिन्यांच्या प्रत्येक ओळीत लिहिलेलं होतं: अंडी, रोज दोन, घेतात. एका ठिकाणी डॉक्टरांनी लाल पेनानं तीन करा असं लिहिलं होतं आणि त्याच्या पुढच्या ओळीपासून तीन.

सिस्टर म्हणाली, "आम्हाला नवल वाटायचं काका, एवढं खाऊन रिपोर्ट खाली कसा. डॉक्टरांनी एकदा रागावून विचारलं, घरचे नीट देतात का? तर त्या म्हणाल्या, तसं नका बोलू, मालक रोज पहाटे उठून गोठ्यापाशी चूल पेटवून देतात."

माझं एक खोटं जिला पचलं नाही, ती माझी लाज राखायला आठवड्यातून दोनदा खोटं बोलत होती. मी कार्ड हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो, त्याच रांगेसमोर. उदगीरची गाडी गेली, तिच्या मागची दुसरीही गेली.